गणपतीच्या पोटातली पानं

आमच्या घरात बाराही महिने शे-दोनशे गणपती असायचे आणि भक्तिभाव मात्र औषधालाही नव्हता. पेणेत मूर्तिकाराच्या घरात वाढलेल्या पोरीला देवाचा धाक कसा वाटणार? फळीवर ओळीनं वाळत घातलेले नुसते हात मी बघितलेत, डोळे न काढलेल्या गणपतीच्या पाठीला पाठ लावून दुपारची झोप काढलीय, आणि उंदीर कमी पडले म्हणून अण्णांच्या हातचा मारही खाल्लाय. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचा कारखाना म्हणजे आमच्याच घराची पुढली पडवी आणि तिला जोडलेली लांबलचक पत्र्याची शेड. दिवसभर रेडिओ चालू, कोणीतरी पॉलिश पेपर घासतंय, मागे आई चिंचोक्याची खळ ढवळतेय आणि त्याच चुलीच्या दुसऱ्या तोंडावर सुकट भाजतेय. खळीचा आणि सुकटीचा असा मिळून जो वास येतो, तो माझ्या लेखी माहेरचा वास. पुण्याच्या एका बाईंना मी हे एकदा सांगितलं, तर त्यांनी नाकाला पदर लावला. लावोत बापड्या.

अण्णांचं खरं नाव होतं ते कागदी गणपतीसाठी. प्लास्टर सगळेच करायचे. कागदाचा गणपती म्हणजे साच्यात आधी पातळ कागदाचे तुकडे खळीत भिजवून बसवायचे, त्यावर थरावर थर, आणि शेवटी आतून जाड कागदाच्या आडव्या पट्ट्या. पोट आणि बैठक यांना जाड कागदच लागतो, नाहीतर वाळताना पोट आत जातं, आणि पोट आत गेलेला गणपती कोण घेणार? पुढचा भाग, मागचा भाग वेगळे वाळवून जोडायचे, वर खडूचा लेप, मग रंग. आतून पोकळ, उचलायला हलका, तळाला एक कागद चिकटवून बंद. रद्दी आम्ही किलोवर घ्यायचो. अण्णा रद्दी बायका मेथी निवडतात तशी निवडायचे. गुळगुळीत कागद बाजूला, तो खळ धरत नाही. खरबरीत जाड कागद दिसला की माणूस खूश. त्यावर काय छापलंय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. आमच्या गणपतींच्या पोटात लग्नपत्रिका होत्या, निवडणुकीची पत्रकं होती, एकदा तर माझी सहामाहीची उत्तरपत्रिका गेली होती. ती मी स्वतःच रद्दीत सरकवली होती, ते सोडा.

आता हरीमामाबद्दल. आईचा हा धाकटा भाऊ धरमतरच्या खाडीत बार्जवर होता. मोठं जहाज मुंबईच्या समुद्रात उभं राहायचं, त्यातला माल बार्जवर उतरवून खाडीतून धक्क्याला आणायचा. मामा सातवी पास, पण भरती-ओहोटी त्याच्या अंगात होती. आमच्याकडे जेवायला बसला की भात कालवता कालवता म्हणायचा, ‘आता पाणी फिरलं बघ,’ आणि खरोखर फिरलेलं असायचं. बोलणं सतत, हसणं सात घरं ऐकू जाईल असं. मग एके दिवशी बार्ज आणि धक्का यांच्या मध्ये त्याचा डावा पाय सापडला. पाय राहिला, पण गुडघ्याखाली काही राम राहिला नाही. शकूमामी रोह्याला बालवाडीत शिकवायची, तिथंच तिचं माहेर, म्हणून ती त्याला रोह्याला घेऊन गेली. दोन खोल्या, मागे अळूचा वाफा, खिडकीतून आंब्याचं झाड. तिथं मामा खाटेवर पडला तो भिंतीकडे तोंड करून. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज पाय हलवा, नाहीतर गुडघा धरेल. मामा हलवायचा नाही. मामीनं विनवलं, दटावलं, एकदा ताटसुद्धा आपटलं. मामा भिंतीला म्हणायचा, ‘नाय व्हायचं आता काय.’ मी दर शनिवारी पेणेहून रोह्याच्या गाडीनं जायचे, कॉलेजात होते तेव्हा, आणि त्याची पाठ बघून परत यायचे. हसऱ्या माणसाची नुसती पाठ बघणं ही फार वाईट गोष्ट आहे.

त्याला खाटेवरून उठवलं ते एका खेळानं. धरमतरला असताना एका परदेशी जहाजावरच्या साहेबाला मामानं आमच्या कारखान्यातला वीतभर गणपती दिला होता. साहेबानं मोबदल्यात एक खोकं दिलं. त्यात कॉम्प्युटरच्या चार फ्लॉप्या आणि एक पुस्तक. मामाकडे कॉम्प्युटर कुठला? खोकं माळ्यावर पडलं होतं. मग मामीचा भाऊ ज्या कंपनीत होता तिथं नवे कॉम्प्युटर आले, जुने काढून टाकले, त्यातला एक त्यानं आणला. ठेवायला जागा नव्हती म्हणून मामीच्या पायवाल्या शिलाई मशीनवर फळी टाकून त्यावर बसवला. मी खोकं आठवणीनं काढलं, कॉलेजात नुकतंच शिकलेलं ज्ञान पाजळून खेळ चढवला. जहाजांचा खेळ होता. माल भरायचा, वारा बघून शिडं वळवायची, एका बंदरातून दुसऱ्या बंदरात न्यायचा. मध्ये वादळं, चाचे, तापानं पडलेले खलाशी. काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांचं जहाज, बघून हसू येईल असं. मी खेळत होते आणि एक जहाज खडकावर घातलं. मागून आवाज आला, ‘अगो येडे, वारा मागून हाय, शीड सोड की!’ मामानं मान वळवली होती.

त्या दिवसापासून मामाची शिफ्ट सुरू झाली. हा त्याचा शब्द. सकाळी न्याहारी करून काठी टेकत मशीनपाशी यायचा आणि म्हणायचा, ‘चला, शिफ्टला.’ आणि गंमत अशी की बसला की त्याचा डावा पाय आपोआप मशीनच्या पायट्यावर जायचा. जहाज वळवताना तो नकळत पायटा दाबायचा, वादळ आलं की जोरात. डॉक्टर थक्क झाले. मामीनं मशीनचा पट्टा काढून ठेवला होता, चाक उगाच फिरत राहायचं, आणि त्या खटखटीवरून मामी स्वयंपाकघरातून ओळखायची की आज समुद्र खवळलाय. सहा महिन्यांत तो काठी घेऊन दारातल्या नळापर्यंत जाऊ लागला. घरात हसणं परत आलं. हे त्या हिरव्या रेघांनी केलं, आणि कोणी मला खेळांना वेळेचा नाश म्हटलं तर मी आजही भांडायला उभी राहते.

पण त्या खेळात एक खोच होती. चालू करताना तो दर वेळी दारावरच्या भय्यासारखा अडवायचा. पडद्यावर यायचं: पान एकोणीस, ओळ सहा, शब्द तीन. पुस्तकात तो शब्द बघायचा आणि टाइप करायचा. म्हणजे खेळ विकत घेतलेला आहे, चोरलेला नाही, याची खूण. तीनदा चुकलं की खेळ बंद, पुन्हा पहिल्यापासून फ्लॉप्या करकरवत बसा. मामाला इंग्रजी येत नव्हतं. तो अक्षराला अक्षर बघून शब्द उतरवायचा. ओळी मोजायचा कंटाळा म्हणून त्यानं प्रत्येक ओळीच्या आधी बॉलपेन दाबून दाबून मराठी आकडे घातले होते. आणि पुस्तक कसलं, तर मरून रंगाच्या खरबरीत जाड कागदावर काळी अक्षरं! डोळे फुटतील असं. त्याचं कारण मला पुढे कळलं.

एव्हाना पुस्तकाची शिवण सुटली होती, पानं हातात येत होती. मी शहाणपणा करून कंपनीच्या पत्त्यावर पत्र धाडलं, की बाबांनो, दुसरं पुस्तक पाठवा. चार-पाच महिन्यांनी उत्तर आलं, चांगल्या कागदावर. आपल्या पत्राबद्दल आभार. हा खेळ आम्ही बंद केला आहे, त्यासाठी कोणतीही मदत आता मिळणार नाही. आमचे नवे खेळ जरूर पाहा. नवे खेळ त्या डबड्यावर चाललेच नसते. मी मामाला मराठीत वाचून दाखवलं. मामा म्हणाला, ‘म्हंजे बार्ज बांधणाऱ्यानं दुकान बंद केलं, तर आपण बार्ज बुडवायचा काय?’ मग पत्र उलटं करून बघितलं, मागची बाजू कोरी होती, तिच्यावर बंदरांची यादी लिहायला घेतली. मी म्हटलं, मामा, पुस्तक मला दे, पेणेत झेरॉक्स काढून आणते. तो द्यायला तयार नव्हता. ‘एकदा खेळ चालू केला की बंदच करू नको,’ मी म्हटलं, ‘म्हणजे पुस्तक लागणारच नाही.’ केवढी हुशार मी!

पेणेत झेरॉक्सवाल्यानं पहिलं पान काढलं आणि माझ्यासमोर काळाकुट्ट कागद धरला. ‘ताई, हे काय आणलंत? कोळसा?’ कॉपी निघू नये म्हणूनच कंपनीनं तो रंग निवडला होता. म्हटलं, ठीक आहे, हातानं उतरवू. पुस्तक पडवीतल्या फळीवर ठेवलं. आणि मग श्रावण लागला. मूर्तिकाराच्या घरात श्रावण म्हणजे काय हे ज्याच्या घरी असेल त्यालाच ठाऊक. आई पोहे भिजवून तेवढ्यावर आम्हाला दिवस काढायला लावायची, रंगाच्या वाट्या धुता धुता बोटं सोलवटायची. आज उतरवू, उद्या उतरवू. एक अक्षर उतरवलं नाही. खोटं कशाला बोलू, आळशीपणा केला.

गणपती आठ दिवसांवर आले असताना समोरच्या वाण्याकडे मामीचा फोन आला. रोह्यात दोन दिवस लाइट गेली होती. कॉम्प्युटर बंद पडला. ‘तो विचारतोय पान कितवं, ओळ कितवी,’ मामी म्हणाली, ‘आणि यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलंय गो. चार दिस झाले. पाय खाली टाकत नाहीत. पुस्तक घेऊन ये.’ मी म्हटलं, आणते. फळीवर पुस्तक नव्हतं. फळीखाली नव्हतं. रंगाच्या डब्यांमागे, पोत्यांमागे, कुठेही नव्हतं. अण्णांना विचारायची सोय नव्हती. त्या दिवसांत ते डोळे काढायला बसलेले असत आणि डोळे काढताना त्यांच्याशी बोललेलं त्यांना खपायचं नाही. मामीचा दुसरा फोन आला तेव्हा मी झेरॉक्सचं मशीन बिघडल्याचं सांगितलं. तिसऱ्या फोनला वाण्याला सांगितलं, मी घरी नाही म्हणून सांगा.

हरितालिकेच्या दुपारी गिऱ्हाइकांची रीघ लागलेली असताना रद्दीच्या ढिगात मला एक जहाज दिसलं. गुळगुळीत कव्हर. नुसतं कव्हर. मी ते अण्णांपुढे धरलं. अण्णांनी चष्म्यावरून बघितलं.

‘हां, ते लाल पुस्तक. झकास कागद होता. कुठून आणलंस? अजून आहे का?’

‘अण्णा, ते कुठंय?’

‘टिळेकर मास्तरांच्या गणपतीच्या पोटात,’ अण्णा म्हणाले, जसं काही कपाटात आहे. ‘सबंध आतला थर त्याचाच आहे. सकाळीच नेला की मास्तरांनी.’

टिळेकर मास्तर रोह्याचे. निवृत्त हेडमास्तर. गणपती आपल्या डोक्यावरूनच न्यायचा हा त्यांच्या घराण्याचा नियम, आणि मानेचं दुखणं लागल्यापासून त्यांना हलका कागदी गणपती लागायचा. मी तिथंच भोकाड पसरलं. सगळं सांगितलं अण्णांना, आळशीपणासकट. मला वाटलं, मारणार. अण्णा ब्रश धुवत राहिले. मग म्हणाले, ‘उद्या त्यांनी प्राणप्रतिष्ठा केली की मूर्ती तसूभर हलायची नाही. दीड दिवसांचा आहे त्यांचा. परवा दुपारी उत्तरपूजा झाली की विसर्जनाआधी काय होईल ते बघ. तळाचा कागद मी डिंकानं लावलाय, पात्यानं सुटेल.’ आणि खिशातलं पातं काढून दिलं. देवाचं पोट फाडायला स्वतःचं पातं काढून देणारा बाप मला मिळाला.

ऋषिपंचमीला मी रोह्यात पोचले ती आधी मामाच्या घरी. मामीनं ऋषीची भाजी केली होती, अळू, भेंडी, मक्याचं कणीस, सगळं घरच्या वाफ्यातलं, आणि मामाचं ताट खाटेपाशी तसंच पडलं होतं. मी त्याच्या पाठीला सगळं सांगितलं. पुस्तक आपोआप हरवलं नाही, मी हरवलं. मामी पदर तोंडाला लावून ऐकत होती. मामा भिंतीला म्हणाला, ‘तू तर नेऊ नको म्हटलं तरी नेलंस.’ एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी आणि मामी निघालो, मामीनं बालवाडीची वही आणि पेन घेतलं, मी टॉर्च घेतला.

टिळेकर मास्तर सोवळं नेसून पाटावर बसले होते, उत्तरपूजा नुकतीच आटोपली होती. माझं सगळं म्हणणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं. ‘म्हणजे पुस्तक फाडून तुझ्या बापानं विद्येच्या देवतेत भरलं?’

‘हो.’

‘कसलं पुस्तक?’

‘जहाजं चालवायचं.’ हे खोटं नव्हतं.

‘आणि आता तुला आत डोकवायचंय. गणपतीला खालून कापून.’

‘मास्तर, उत्तरपूजा झाली ना? मग आता शास्त्राप्रमाणे ती नुसती माती.’

‘माती कुठंय? कागद आहे,’ मास्तर म्हणाले आणि त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. मग त्यांनी बोट उचललं. ‘घरात नाही. नदीवर. मूर्ती मी धरणार. तू वाचायचं, पण एक कपटा काढायचा नाही. जे आणलं ते सगळं बाप्पाबरोबर पाण्यात जाणार. आणि आरती सुरू झाली की बास.’

कुंडलिकेच्या घाटावर ढोल, गुलाल, पोरांचा कालवा. एका कडेला मास्तर मांडी घालून बसले आणि गणपतीला तान्ह्या पोरासारखं मांडीवर आडवं घेतलं. मी पात्यानं तळाचा कागद सोडवला. ओल्या दगडांवर पालथी पडले, टॉर्च आत घातला आणि बघितलं तर माझे डोळेच भरून आले. सबंध पोट मरून रंगाचं. पट्ट्या अशा शिस्तीत बसवलेल्या की अण्णांना हात जोडावेसे वाटले. खळीमुळे अक्षरं चकाकत होती आणि टॉर्च तिरका धरला की मामानं दाबून घातलेले आकडे उठून दिसत होते, चार, पाच, सहा. मी ओरडले, ‘मामी, लिही! ओळ चार...’

‘पान कितवं?’ मामीनं विचारलं.

पान कितवं! पानांचे आकडे कोपऱ्यात होते आणि कोपरे थराखाली गेले होते. ओळी होत्या, शब्द होते, आणि कुठल्या पानावरचे हे कोणाच्या बापाला ठाऊक नव्हतं. मी एकेक पट्टी बघत गेले. नाही, नाही, नाही. वर मास्तरांची मान दुखायला लागली होती, ते म्हणाले, ‘आटप पोरी.’ मी गणपतीच्या पोटात डोकं घालून रडत होते, आणि लोक बघत होते की ही कोण एवढी भाविक.

तेवढ्यात रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि काठीचा. ‘सरका, सरका जरा.’ मामा. अपघातानंतर ज्यानं पाण्याकडे बघितलं नव्हतं, गाडी पुलावरून गेली तरी जो डोळे मिटून घ्यायचा, तो हरीमामा घाटाच्या चार पायऱ्या उतरून आला होता. घामानं निथळत होता. ‘पानांचे आकडे दिसत नसतील,’ तो म्हणाला. ‘पडल्या पडल्या मला तेच आलं मनात. तुझा बाप पट्ट्या लावतो त्या कोपऱ्यावर कोपरा चढवून. काय दिसतंय ते सांग फक्त.’

‘ओळ चार, पाच, सहा. बाजूला कसलंतरी वाकडं टोक दिसतंय, चित्राचं.’

‘नांगर. पान एकोणीस. पुढं बोल.’

इंग्रजीचं एक अक्षर न समजणाऱ्या माणसाला त्या पुस्तकाचं पान न् पान चेहऱ्यानं ओळखू येत होतं. इथं चहाचा डाग, ते बावीस. इथं ओळी आखूड, ते सात, तिथं वाऱ्यांचं कोष्टक होतं. मी वाचत होते, मामा पान सांगत होता, मामी शब्द मोजून वहीत मांडत होती. मास्तर मान वाकडी करून मूर्ती फिरवत होते, आणि मध्येच त्यांच्यातला हेडमास्तर जागा झाला: ‘तो शब्द दोन ई नाही, ईए. नीट बघ.’ शेजारची मंडळी आरतीला उभी राहिली तशी मास्तरांच्या घरच्यांनीही टाळ काढले. मास्तर मोठ्यानं म्हणाले, ‘जरा थांबा रे! बाप्पा अजून शिकवतोय.’ आरती लागली तेव्हा टॉर्च पिवळा पडला होता आणि वहीत तेरा पानं आली होती. सगळं पुस्तक नव्हे. पण तेरा पानं.

आता शेवटचं राहिलं. मास्तरांचा मुलगा मूर्ती घेऊन पाण्यात उतरला आणि त्यानं ती बुडवली. ती वर आली. पुन्हा बुडवली. पुन्हा वर. आतून पोकळ, खडूचा लेप, बुडणार कशी? एरवी तळाचा कागद भिजून आत पाणी जायचं. आता तळ मोकळा आणि तो मूर्ती सरळ खाली दाबत होता, आतली हवा जाणार कुठे? पोरं हसायला लागली, मास्तर लाल झाले. काठावरून मामा ओरडला, ‘तिरकी कर! पाणी एका अंगानं घे, वारा दुसऱ्या अंगानं जाऊ दे!’ मुलाला समजेना. मामानं काठी माझ्या हातात दिली. मामी म्हणाली, ‘अहो!’ तो पाण्यात उतरला. गुडघा, मांडी, कंबर. डावा पाय ओढत गेला, पण गेला. त्यानं दोन्ही हातांत गणपती घेतला, हळूच कलता केला, आत पाणी घेतलं, आणि तो आमचा कागदी बाप्पा आपल्या पोटातल्या सगळ्या पानांसकट सावकाश, सरळ खाली गेला. मामा तसाच उभा राहिला, दोन्ही तळवे पाण्यावर ठेवून. मग आमच्याकडे वळून म्हणाला, ‘पाणी फिरलं बघ.’ मी आणि मामी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

घरी येऊन ओल्या कपड्यांनीच तो मशीनपाशी बसला. खेळानं विचारलेलं पहिलं पान आमच्याकडे नव्हतं. दुसरंही नव्हतं. बंद, चालू, करकर. आम्ही गार झालेली ऋषीची भाजी वाटीतून खात बसलो, दर वेळी तिघं मिळून पडद्याला शिव्या घालत होतो. कितव्या तरी खेपेला आलं: पान एकोणीस, ओळ सहा, शब्द तीन. मामीनं वही उघडली. मामानं एका बोटानं अक्षरं दाबली. शब्द होता ‘स्टेडी’. पडदा काळा झाला, आणि हिरव्या रेघांचं त्याचं जहाज जिथं सोडलं होतं तिथंच भर समुद्रात उभं होतं, शीड भरलेलं. खाली पायटा खटखटू लागला. ‘स्टेडी म्हंजे काय गो?’ मामानं विचारलं. मी म्हटलं, जहाज सरळ धर, हलू देऊ नको. ‘मग मराठीत सांगायचं ना,’ तो म्हणाला.

ती वही पांढऱ्या कागदाची, तिची झेरॉक्स मस्त निघाली. पुढे कोणाकोणाकडे तो खेळ फ्लॉपीवरून फ्लॉपीवर गेला तेव्हा त्याच्याबरोबर आमची तेरा पानंही गेली. मी वर लिहून ठेवलं होतं, ‘इतर पानं विचारली तर बंद करून पुन्हा चालू करणे.’ आज कारखाना मी चालवते, अण्णा गेले, मास्तरही गेले. गेल्या वर्षी माझ्या भाच्यानं इंटरनेटवर तो खेळ शोधून काढला. कुठल्याशा देशातल्या कोणा माणसानं, ज्याला त्याचा छदामही मिळत नसेल, तो नव्या मशीनवर चालेल असा करून ठेवलाय आणि तो पान-ओळीचा प्रश्नच काढून टाकलाय. खेळ थेट उघडतो. कंपनी कधीच बुडाली म्हणे. मला त्या अनोळखी माणसाला पुरणपोळी खायला घालावीशी वाटली, आणि थोडा रागही आला, की आम्ही गणपतीच्या पोटात शिरलो आणि तू नुसतं दार काढून टाकलंस?

भाच्यानं लॅपटॉप मामापुढे ठेवला. मामा आता थकलाय, मामी त्याला चहा बशीत ओतून देते. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. मामा म्हणाला, ‘हितं नाय, मशीनवर ठेव.’ ठेवला. पाय पायट्यावर गेला. भाचा म्हणाला, ‘आजोबा, कुठलंही बटण दाबा, सुरू होईल.’ मामा पडद्याकडे बघत बसला. भाच्याला वाटलं ऐकू आलं नाही, तो पुन्हा म्हणाला, ‘दाबा ना.’

‘यानं विचारलं नाय काय,’ मामा म्हणाला.

‘आता विचारत नाही तो. गरज नाही.’

‘त्याला नसंल,’ मामा म्हणाला. मग चष्मा सारखा केला, पडद्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘स्टेडी,’ आणि बटण दाबलं.